बेचाळीस सेंटिमीटरची बरणी

बरणी चार अंशांनी डावीकडे झुकलेली होती, हे सुरुवातीलाच सांगून टाकते. पुढे जे काही घडलं ते सगळं या चार अंशांतून घडलं. चार अंश म्हणजे फार नव्हे. भिंतीवरची तसबीर चार अंशांनी कलली तर ती पाहुण्यांना कळते, घरातल्यांना कळत नाही. मी घरातली असूनही मला कळते, कारण माझा धंदाच तो आहे.

मी एका संग्रहालयाच्या छायाचित्र विभागात काम करते. जुन्या वस्तूंचे डिजिटल फोटो काढायचे, फोटोतले रंग मूळ वस्तूशी जुळवायचे, आणि बाहेरून आलेले फोटो तपासून त्यांत कुणी हातचलाखी केली आहे का ते सांगायचं. पदार्थविज्ञान शिकले त्याचा एवढाच उपयोग झाला. आमच्या विभागाचा नियम एका ओळीचा आहे : जे आहे ते दिसलं पाहिजे आणि जे नाही ते दिसता कामा नये. म्हणून वस्तूच्या मागे राखाडी कागद, शेजारी मोजपट्टी आणि खाली चोवीस चौकोनांची रंगपट्टी. फोटो खरा असेल तर मी ‘मान्य’ असा शिक्का मारून सही करते. अकरा वर्षांत माझी एकही सही खोटी ठरलेली नाही. इतर बायका पर्समध्ये कंगवा ठेवतात, मी दहा सेंटिमीटरची मोजपट्टी ठेवते.

या तत्त्वाचा जाच घरच्यांना होतो. सासूबाईंच्या हनुवटीवर एक चामखीळ आहे. घरात फोटो निघाला की त्या म्हणतात, “अगं, तेवढी चामखीळ पुसून टाक. तुला काय, दोन मिनिटांचं काम.” आणि दर वेळी मी म्हणते, “आई, मी फोटोत फेरफार करत नाही.” एकदा मी त्यांना पुरावा म्हणजे काय या विषयावर दहा मिनिटं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि तेव्हापासून फोटोच्या वेळी हनुवटीखाली मूठ धरायला सुरुवात केली. आमच्या घरातल्या सगळ्या फोटोंत सासूबाई गहन विचारात बुडालेल्या दिसतात, त्याचं कारण हे.

तर, डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, “पडद्यासमोरून उठा जरा. हातांनी काहीतरी करा.” म्हणून मी मातीकामाच्या वर्गाला जायला लागले. शिकवणाऱ्या बाई फार कमी बोलत. दोन महिन्यांत त्या माझ्याशी जे बोलल्या ते सगळं एका पोस्टकार्डावर मावेल. मी चाकावर बसले, मातीचा गोळा मधोमध आणायचा प्रयत्न केला, आणि तो माझ्या मांडीत आला. बाई म्हणाल्या, “परत.” मी चाकाचे फेरे मोजले, मातीतल्या पाण्याचं प्रमाण वहीत लिहिलं, हाताचा कोन ठरवला. गोळा पुन्हा मांडीत. बाई म्हणाल्या, “परत.” माझी पहिली आठ भांडी एकमेकांसारखी मुळीच नव्हती, पण त्यांतल्या एकालाही भांडं म्हणता आलं नसतं.

नववी ही बरणी. चौदा सेंटिमीटर उंच. भट्टीतून ती अखंड बाहेर आली तेव्हा मलाच धक्का बसला. अखंड म्हणजे जरा जास्तच अखंड, कारण निळ्या चकाकीचा लेप ओघळून ती भट्टीतल्या फरशीला चिकटली होती. बाईंनी फरशीसकट टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, “झाली.” पोटाजवळ माझ्या अंगठ्याचा एक खळगा राहिला होता, काठ लाटेसारखा वरखाली होता, आणि सगळी बरणी कुणाचं तरी बोलणं ऐकायला वाकावं तशी डावीकडे वाकली होती.

मी मागे राखाडी कागद लावून तिचा फोटो काढला. बरणी बाईंकडेच राहिली, कारण फरशी सोडवायला वेळ लागणार होता. मी घरी येऊन फोटो कॉम्प्युटरवर उघडला.

इथे मला अगदी अचूक लिहायला हवं. मी फक्त भिंगामुळे आलेली वक्रता काढणार होते. ते नियमात बसतं. ती काढली, तरी बरणी वाकडीच. म्हटलं, एक अंश सरळ करून पाहू. एक केल्यावर उरलेले तीन फार डोळ्यांवर यायला लागले. चार अंश काढल्यावर काठ विचित्र दिसायला लागला. काठ सारखा केल्यावर खळगा. खळगा भरल्यावर फरशी. वीस मिनिटांनी माझ्यासमोर अशी एक बरणी उभी होती की तिच्यापुढे मला स्वतःच्या केसांवरून हात फिरवावासा वाटला. मग हाताच्या सवयीने मी खाली ऑफिसातला ठरावीक साचा लावला, मोजपट्टी आणि रंगपट्टी असलेला, आणि तो फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, “माझी बरणी.”

सासूबाईंचं उत्तर आलं, “वा गं वा.” सासूबाई सहसा एकच ‘वा’ देतात.

दोन आठवड्यांनी चहाच्या वेळी नवऱ्याने एक पाकीट माझ्यापुढे ठेवलं. तो उगीचच हसत होता. लग्नाला चौदा वर्षं झाली, हे हसू मला ओळखता येतं. त्याच्यामागे नेहमी काहीतरी दुरुस्तीला आलेलं असतं.

नवऱ्याने मला न सांगता तो फोटो शहराच्या हस्तकला प्रदर्शनाला पाठवला होता, आणि माझ्या बरणीची निवड झाली होती. प्रवेशिका क्रमांक सतरा. तिला प्रवेशद्वारासमोरचा मुख्य चौथरा दिला होता आणि निमंत्रणपत्रिकेवर तिचाच फोटो छापला होता. खाली ओळ होती : हातघडणीची बरणी, उंची बेचाळीस सेंटिमीटर.

“बेचाळीस?” मी म्हणाले. माझा आवाज मला दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटला.

“फॉर्मवर उंची विचारली होती,” नवरा म्हणाला. “मी तुझ्या मोजपट्टीवरून मोजली. दोनदा मोजली. म्हटलं, तुझ्या कामात चूक नको.”

मी फोटो उघडला. साच्यात आदल्या दिवशीच्या कामाची मोजपट्टी तशीच राहिली होती. आदल्या दिवशी मी कमरेएवढ्या रांजणाचा फोटो काढला होता. अकरा वर्षांत मी मोजपट्टी चुकीची लावली नव्हती. जेव्हा लावली, तेव्हा ती शहरभर छापली गेली.

“आई म्हणत होती दाराशी ठेवू, छत्र्या ठेवायला बरी,” नवरा म्हणाला. “उद्घाटनाला सगळे येणारेत. तुझी मावशी, माझे दोन्ही मामा. तुला आनंद नाही झाला?”

मी म्हणाले, “झाला.” दुसरी खोटी गोष्ट.

दुसऱ्या दिवशी प्रदर्शनाच्या कार्यालयात गेले. खिडकीत बसलेले कारकून सज्जन होते. सज्जन कारकुनाशी वाद घालता येत नाही, हे मला त्या दिवशी समजलं.

“मापात दुरुस्ती करायचीय,” मी म्हणाले.

“माप बदललं म्हणजे वस्तू बदलली, मॅडम.”

“वस्तू तीच आहे. माप चुकीचं लिहिलंय.”

“म्हणजे लिहिलेल्या मापाची वस्तू नाहीच. मग निवड कशाची झाली?” त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्यात रोख नव्हता, खरीच उत्सुकता होती. “आणि निवड रद्द करायची तर पत्रिका परत मागवाव्या लागतील. ते माझ्या हातात नाही. पण तुम्ही काळजी करू नका. मुख्य चौथऱ्यावरच्या वस्तूचा फोटो आम्ही संग्रहालयाकडे तपासायला पाठवतो. नावाशिवाय, फक्त क्रमांक घालून. तिथे एक बाई आहेत म्हणे. त्यांच्या नजरेतून काही म्हणजे काही सुटत नाही. त्यांची सही आली की विषय संपला.”

मी म्हणाले, “असं का.” आणि जिना उतरताना कठडा धरला.

तो फोटो माझ्याच टेबलावर येणार होता. ‘मान्य’ म्हणाले तर सही खोटी, ‘अमान्य’ म्हणाले तर सगळ्या नातेवाइकांदेखत मी खोटी. शास्त्राचं शिक्षण घेतलेल्या माणसाचं डोकं अशा वेळी फार शिस्तीत बिघडतं. मी विचार केला : फोटो वस्तूशी जुळत नाही, ही अडचण आहे. फोटो आता बदलता येत नाही. म्हणून वस्तू बदलावी. बेचाळीस सेंटिमीटरची, सरळ, खळगा नसलेली बरणी मी तयार केली, तर फोटो आपोआप खरा होईल. हे मला त्या वेळी अत्यंत तर्कशुद्ध वाटलं होतं. माझ्या हातात तीन आठवडे होते.

भाजल्यावर माती आकसते, शंभराला बारा. म्हणजे ओली बरणी सत्तेचाळीस पूर्णांक सात दशांश सेंटिमीटर हवी. मी बाईंना आलेख दाखवला. बाईंनी आलेख पाहिला, मला पाहिलं, आणि मातीचं पोतं पुढे सरकवलं.

एवढी उंच बरणी मला चाकावर जमणं शक्य नव्हतं, म्हणून मातीच्या लांब वळ्या करून एकावर एक रचायच्या असं ठरलं. पहिली बरणी तिसाव्या सेंटिमीटरला खाली बसली. एखादी दमलेली बाई बसते तशी, हळूहळू आणि उसासा टाकत. दुसरी उभी राहिली, वाळताना तडकली.

तोवर आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांना बातमी लागली होती. काका लिफ्ट बसवण्याच्या कामातून निवृत्त झाले आहेत आणि कुठलीही उभी वस्तू ही आपली जबाबदारी समजतात. ते ओळंबा घेऊन थेट बाईंच्या वर्गात आले.

“वहिनी, हा मातीचा प्रश्नच नाही. हा ओळंब्याचा प्रश्न आहे,” ते म्हणाले. त्यांनी छताच्या हुकाला दोरी बांधून बरणीच्या बरोबर मधोमध ओळंबा सोडला. “आता जायचं वर. मजल्यावर मजला. मी खालून बघतो.”

ते खरोखर जमिनीवर बसून खालून बघत. मी एक वळी लावली की म्हणत, “दोन सूत पूर्वेला.” वर्गातल्या बाकीच्या बायका आपापली कामं सोडून खुर्च्या वळवून बसल्या. एकीने घरून उशी आणली.

आणि तिसरी बरणी उभी राहिली. सत्तेचाळीस पूर्णांक सात. सरळ. तडा नाही, खळगा नाही. काकांनी ओळंबा काढून घेतला आणि रुमालाने डोळे टिपले. पूर्ण वाळल्यावर आम्ही दोघांनी ती फळीवर घेतली, एकेक पाऊल टाकत भट्टीपर्यंत नेली, आणि मी भट्टीचं दार उघडलं.

भट्टी आतून अडतीस सेंटिमीटर उंच होती.

मी आकुंचन काढलं होतं. पाण्याचं प्रमाण काढलं होतं, वळ्यांची जाडी, वाळायचा वेळ, खोलीतली आर्द्रता. भट्टी मोजली नव्हती. पर्समध्ये मोजपट्टी होती. दोन महिने रोज त्या भट्टीसमोरून जात होते.

“आडवी घालू,” काका म्हणाले.

“आडवी नाही जात,” बाई म्हणाल्या.

“बाई, तुम्हाला माहीत होतं?” मी विचारलं.

“हो.”

“मग सांगितलं का नाही?”

“तुम्ही गणित करत होतात,” त्या म्हणाल्या.

न भाजलेली माती पाण्यात परत माती होते. बाईंनी ती बरणी स्वतः बादलीत बसवली. आम्ही तिघं बघत उभे होतो. आधी काठ विरघळला, मग खांदे, मग ती आतल्या आत बसली. काका हळूच म्हणाले, “वहिनी, एक सुचवू? फुटली म्हणून कळवा. मातीचीच वस्तू, कोण विचारणार? मी चौकशी केलीय. वस्तू फुटली तर ते फोटो मोठा करून चौथऱ्यावर लावतात, संग्रहालयाच्या शिक्क्यासकट. म्हणजे काम झालं. वाकडी कुणाला दिसायलाच नको.”

घरी जाईपर्यंत तेच डोक्यात होतं, हे कबूल करते. किती सोपं होतं! एक शब्द, आणि ती सुंदर बरणी कायमची खरी.

दुसऱ्या दिवशी क्रमांक सतराची फाइल टेबलावर आली. आमचे साहेब स्वतः घेऊन आले. “बघा, बघा. लोक म्हणतात हातातली कला गेली. ही सफाई बघा! सही करून टाका पटकन, ते लोक थांबलेत.”

मी फोटो पडद्यावर घेतला. नवीन मुलींना मी शिकवते की फोटो तपासताना वस्तूकडे शेवटी बघायचं, आधी सावलीकडे बघायचं. लोक वस्तू सुधारतात, सावली विसरतात. मी सावलीकडे पाहिलं.

मागच्या राखाडी कागदावर माझ्या सरळ बरणीची सावली चार अंशांनी डावीकडे झुकलेली होती. पोटाशी तिला खळगाही होता.

मला बसलेला हा सर्वांत मोठा धक्का. मी पकडली गेले होते, आणि पकडणारी मीच होते. खरं सांगायचं तर त्यात थोडा अभिमानही वाटला. पण त्याहून जास्त वाटलं ते हे की ती सावली इतके दिवस तिथे उभी राहून खरं काय ते सांगत होती. शहरभर पत्रिका वाटल्या गेल्या, कुणी तिच्याकडे पाहिलं नाही.

मी अहवाल लिहिला. सात दोष, क्रमवार. बरणी कुठे सरळ केली, लेपाचा कुठला तुकडा उचलून कुठे चिकटवला, मोजपट्टी कशी तिपटीने खोटी आहे. खाली लिहिलं : फेरफार करणारी व्यक्ती आणि तपासणारी व्यक्ती एकच. ‘अमान्य’चा शिक्का मारला, सही केली आणि साहेबांकडे नेला.

साहेबांनी वाचलं. पुन्हा वाचलं. उठून दार लावलं.

“तुम्ही?” ते म्हणाले. मी बँकेवर दरोडा घातला असता तरी त्यांचा चेहरा एवढा पडला नसता. मग त्यांना एकदम नियम आठवला आणि चेहरा खुलला. “पण स्वतःच्या कामावर स्वतःला सही करता येत नाही! मान्य नाही आणि अमान्यही नाही. हा अहवाल चालणारच नाही.”

“मग दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या, सर.”

“दुसरं आहे कोण? मी करतो, विभागप्रमुख म्हणून.” त्यांनी फोटो हात लांब करून धरला.

“सर, त्यात सात दोष आहेत.”

“असतील. मला एकही दिसत नाही. आणि मला जे दिसतं त्यावरच मी सही करू शकतो.” त्यांनी शिक्का मारला. मान्य. “झालं. तुमची सही कुठेच नाही. तुम्ही सुटलात.”

हेही खरं होतं. माझ्या नावाला डाग लागला नव्हता. ‘फुटली’ एवढं कळवलं की सगळे सुखी. मी तो अहवाल घडी करून पर्समध्ये ठेवला, मोजपट्टीशेजारी, आणि थेट बाईंकडे गेले. “माझी बरणी द्या,” म्हटलं.

फरशी सुटली नव्हती. बाईंनी छिन्नीने भोवतीचा भाग तोडला, पण एक तळहाताएवढा तुकडा बरणीच्या बुडाला तसाच राहिला. तो असल्यामुळे ती पाच अंशांनी वाकली.

दुसऱ्या दिवशी प्रदर्शनाच्या खिडकीतल्या कारकुनांनी बरणी पाहिली, पत्रिका पाहिली, मग बरणीमागे आणखी काही आणलंय का ते पाहिलं. टेप काढून मोजली. “चौदा,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात दुःख होतं.

मी अहवाल पुढे केला. त्यांनी तो उभ्या उभ्या वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्या दोषाला खाली बसले. शेवटची सही पाहून म्हणाले, “त्या बाई म्हणजे तुम्हीच?”

“हो. निवड रद्द करा.”

“आता कशी रद्द होईल? मान्यतेचं पत्र सकाळीच आलंय.” त्यांनी नियमांचं पुस्तक काढून पानं चाळली. “वस्तू आली, जमा करून घेतो. आणि वस्तूबरोबर आलेले कागद वस्तूबरोबरच ठेवायचे, असा आमचा नियम आहे.”

नियम पाळायचा म्हणजे काय होईल, हे मला उद्घाटनाच्या दिवशी कळलं. दालनाच्या मधोमध कमरेएवढा चौथरा, वर दिव्यांचा झोत, आणि त्या उजेडात माझी चौदा सेंटिमीटरची बरणी, फरशीच्या तुकड्यावर, पाच अंश डावीकडे. एका बाजूला मोठा केलेला फोटो, शिक्क्यासकट. दुसऱ्या बाजूला काचेच्या चौकटीत माझा अहवाल, सातही दोषांसह. बाकीच्या वस्तूंपुढे दोन-चार माणसं होती. इथे रांग होती. लोक एक दोष वाचत, फोटोत शोधत, मग बरणीवर बघत आणि एकमेकांना कोपराने ढोसत. “सावली बघ, सावली!” एक गृहस्थ अनोळखी लोकांना सांगत होते. साहेबही रांगेत होते. तिसऱ्या दोषापाशी त्यांनी चष्मा काढून पुसला.

मी खांबाआड उभी होते. मामा, मावशी, नवरा, सगळे आले. नवऱ्याने बरणीकडे पाहून फक्त, “छत्र्या?” एवढंच विचारलं.

सासूबाई शेवटी आल्या. चष्मा लावून त्यांनी अख्खा अहवाल वाचला. मागचे लोक खोळंबले, त्यांनी मान वळवली नाही. मग त्यांनी मला खांबाआडून बरोबर शोधून काढलं.

“अकरा वर्षं,” त्या म्हणाल्या. आवाज लहान होता, पण अर्ध्या दालनाने ऐकला. “अकरा वर्षं माझी एवढीशी चामखीळ तुझ्या तत्त्वात बसली नाही. आणि या बयेचा पाठीचा कणा सरळ केलास?”

“चुकलं, आई.”

“पोटातला खळगासुद्धा भरलास?”

“हो.”

त्या चौथऱ्याकडे वळल्या, आणि ‘हात लावू नये’ या पाटीसमोर उभ्या राहून त्यांनी बरणीला हात लावला. अंगठा त्या खळग्यात बरोबर बसला. मग एकदा अंगठा काढला, पुन्हा ठेवला.

“धरायला बरी आहे,” त्या म्हणाल्या. “फोटोतली हातातून निसटली असती.”

एवढं बोलून त्यांनी पदर नीट केला, बरणीशेजारी उभ्या राहिल्या आणि मला हुकूम सोडला, “काढ आता फोटो. आमचा दोघींचा.”

मी कॅमेरा उचलला. सवयीप्रमाणे त्यांची मूठ हनुवटीखाली गेली. मग, काय वाटलं कोण जाणे, त्यांनी ती खाली घेतली.

“तुझी ती पट्टी कुठाय?” त्या म्हणाल्या.

मी पर्समधून मोजपट्टी काढून दिली. मला वाटलं बरणीला लावतील. त्यांनी ती हनुवटीला लावली, डोळे तिरपे करून वाचायचा प्रयत्न केला आणि म्हणाल्या, “लिही. चार मिलिमीटर.”

मी भिंगातून पाहिलं.

“साडेतीन, आई.”